उच्च न्यायालयाच्या निकालावर भाष्य कसे लिहावे

उच्च न्यायालयाच्या निकालावर लिहू पाहणाऱ्याने निकालपत्र शेवटच्या पानापासून वाचायला घ्यावे. न्यायालयाने नेमका काय आदेश दिला, हे तिथे लिहिलेले असते, आणि वर्तमानपत्री मथळा त्या आदेशाशी जुळतो की नाही, हे लगेच कळते. मुंबई उच्च न्यायालयाच्या रिट याचिकांत शेवटी ‘रूल ॲब्सोल्यूट’ असे असेल तर याचिका मंजूर झालेली असते आणि ‘रूल डिस्चार्ज्ड’ असेल तर ती फेटाळलेली असते. आदेशात नुसतेच ‘रूल’ म्हटले असेल, तर याचिका सुनावणीसाठी दाखल करून घेतली आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो. याचिकाकर्त्याने स्वतःहून मागे घेतलेले प्रकरण ‘डिसमिस्ड ॲज विथड्रॉन’ या शब्दांत निकाली निघते. बातमीत त्याचे ‘याचिका फेटाळली’ होते. प्रत्यक्षात गुणदोषांवर न्यायालयाने अवाक्षरही काढलेले नसते.

त्यानंतर निकाल कोणी दिला, ते पाहावे. मराठीत ‘खंडपीठ’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो आणि त्यातून बराच घोळ होतो. नागपूर, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) आणि गोवा येथील पीठांनाही आपण खंडपीठ म्हणतो आणि दोन न्यायमूर्तींनी मिळून दिलेल्या निकालालाही ‘खंडपीठाचा निकाल’ म्हणतो. त्यामुळे ‘नागपूर खंडपीठाचा निकाल’ हा प्रत्यक्षात एका न्यायमूर्तींचा निकाल असू शकतो. हा फरक केवळ शब्दांचा नाही, कारण एकलपीठावर द्विसदस्यीय पीठाचा निर्णय बंधनकारक असतो, तर समान संख्येच्या पीठाला आधीचा निर्णय पटला नाही तर प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवण्याची विनंती करावी लागते. निकालपत्रावरील संदर्भ क्रमांकात (‘न्यूट्रल सायटेशन’) ‘एएस’, ‘ओएस’, ‘एनएजी’, ‘एयूजी’ अशी अक्षरे असतात, त्यांवरून अपील शाखा, मूळ शाखा, नागपूर किंवा औरंगाबाद हे ओळखता येते. शेवटी ‘डीबी’ असेल तर पीठ दोघांचे होते.

सुनावणीत न्यायमूर्ती तोंडी जे बोलतात ते आणि निकालपत्रात जे लिहितात ते, या दोहोंची गल्लत करू नये. ‘न्यायालयाने ताशेरे ओढले’ हे आपल्या पत्रकारितेतले आवडते वाक्य आहे. पण पुष्कळदा ते ताशेरे म्हणजे वकिलांना बोलते करण्यासाठी विचारलेले प्रश्न असतात आणि लेखी आदेशात त्यांचा मागमूसही नसतो. लेखी मजकुरातही सारे सारखे वजनाचे नसते. ज्या कारणाशिवाय निकाल उभा राहू शकत नाही, तो निर्णयाचा आधार, म्हणजे वकिलांच्या भाषेत ‘रेशिओ’. बाकीचे प्रासंगिक मतप्रदर्शन, म्हणजे ‘ऑबिटर’. एखादे विधान वगळले तरी निकाल तसाच राहतो का, असे विचारून पाहिले की बहुतेक वेळा उत्तर सापडते.

खरे काम त्यानंतर सुरू होते, ते म्हणजे कारणमीमांसेची तपासणी. १९ जानेवारी २०२१ रोजी नागपूर येथे न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांच्या एकलपीठाने दिलेला निकाल त्यासाठी घेण्यासारखा आहे. त्वचेचा त्वचेशी स्पर्श झाल्याचे सिद्ध होत नसल्याने ‘पॉक्सो’ (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याच्या कलम ८ खालील, म्हणजे लैंगिक हल्ल्याची, शिक्षा टिकत नाही, असे त्यात म्हटले होते. यावर ‘आरोपी निर्दोष सुटला’ असे अनेकांनी लिहिले, आणि ते चूक होते. भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४ (विनयभंग) आणि ३४२ (बेकायदा कोंडून ठेवणे) खालील दोषसिद्धी न्यायालयाने ठेवली होती. फरक पडला तो किमान शिक्षेत, तीन वर्षांऐवजी एक वर्ष. ज्याला या निकालावर टीका करायची आहे, त्याने आधी निकालाची बाजू तिच्या सर्वांत बळकट रूपात मांडावी: शिक्षा जितकी कठोर, तितका पुरावाही काटेकोर हवा. मग दाखवावे की पुराव्याचा काटेकोरपणा वेगळा आणि कायद्यातील शब्दांचा अर्थ आकसून घेणे वेगळे. लैंगिक हल्ल्याची व्याख्या करणाऱ्या ‘पॉक्सो’च्या कलम ७ मध्ये ‘शारीरिक संपर्क’ असे शब्द आहेत, त्यात त्वचेचा उल्लेख नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारीला या निकालाला स्थगिती दिली आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो रद्द केला, तेव्हाही निर्णायक ठरला तो आरोपीचा लैंगिक हेतू. न्यायमूर्तींच्या व्यक्तिमत्त्वाविषयी त्या काळात लिहिले गेलेले रकाने मात्र कायद्याच्या आकलनात काडीचीही भर घालत नाहीत, असे माझे मत आहे.

न्यायमूर्तींमध्येच मतभेद झाला तर भाष्यकाराला आयता वाद मिळतो, आणि तो त्याने वाया घालवू नये. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा मजकूर ‘खोटा’ ठरवणाऱ्या तथ्य-तपासणी कक्षाची तरतूद एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत आली. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतरांनी तिला आव्हान दिले. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ती घटनाबाह्य ठरवली, तर न्यायमूर्ती नीला गोखले यांनी वैध. प्रकरण तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्याकडे गेले आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी त्यांनी पटेल यांच्या मताशी सहमती दर्शवली. इथे दोन्ही मते शेजारी ठेवून वाचावीत आणि ती नेमकी कुठे फुटतात ते शोधावे: ‘खोटे’, ‘दिशाभूल करणारे’ यांसारखे शब्द संदिग्ध आहेत का, आणि सरकारने स्वतःच्याच बाबतीत सत्यासत्य ठरवावे का. ‘दोन विरुद्ध एक’ एवढेच लिहिणाऱ्याने निकालाचा गाभाच सोडून दिला, असे समजावे.

एखाद्या न्यायमूर्तींचा कल कोणत्या बाजूला असतो, याविषयी लिहायचे असेल तर सावधपणे लिहावे. कोणत्या विषयाची प्रकरणे कोणत्या पीठापुढे जावीत, हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात; जामीन अर्ज ज्यांच्याकडे सोपवलेले आहेत, त्यांच्या नावावर जामिनाचे आदेश अधिक दिसणारच. दोन-तीन निकालांवरून स्वभाव ठरवणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, आणि न्यायालयात प्रत्येक शीत वेगळ्या हंडीतले असते.

न्यायालयाच्या अवमानाची भीती पुष्कळांना वाटते. १९७१ च्या अवमान कायद्याचे कलम ५ असे सांगते की, सुनावणी होऊन अंतिमतः निकाली निघालेल्या प्रकरणाच्या गुणवत्तेवर रास्त टीका करणे हा अवमान नव्हे. ‘या परिच्छेदातील तर्क पटत नाही’ हे त्या संरक्षणात बसते. पुराव्याविना ‘निकाल विकत घेतला’ असे म्हणणे बसत नाही. प्रलंबित प्रकरणात अधिक जपून लिहावे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख पटेल असा गावाचा, शाळेचा किंवा नात्याचा तपशीलही देऊ नये, मग तो निकालपत्रात चुकून राहिलेला का असेना.

लेखात निकालाची तारीख, पीठ आणि क्रमांक द्यावा, आणि पुढे अपील झाले का, यावर लक्ष ठेवावे. २७ जून २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाचा कायदा वैध ठरवताना १६ टक्क्यांचे प्रमाण शिक्षणात १२ आणि नोकऱ्यांत १३ टक्क्यांवर आणले होते; ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने ते आरक्षण रद्द केले. पहिल्या निकालावरचे जुने लेख आजही शोधात वर येतात, आणि ज्यांच्या माथ्यावर लेखकाने नंतर दोन ओळींची टीप जोडली आहे, तेच आज वाचकाच्या उपयोगाचे आहेत.