हिवाळ्यात खानदेशी हॉटेलात जेवताना

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात दिवाळीनंतर हवेत गारवा आला की हॉटेलांच्या दारांवर ‘भरीत मिळेल’ अशा पाट्या दिसू लागतात आणि साधारण फेब्रुवारीपर्यंत त्या राहतात. या तीन-चार महिन्यांत बाहेर जेवायला जाणाऱ्याने एक गोष्ट आधी ठरवावी, ती म्हणजे छापील यादीतले जे पदार्थ बाराही महिने मिळतात ते आज मागवायचे नाहीत. शेवभाजी मलाही मनापासून आवडते, परंतु ती जून महिन्यातही तितकीच चांगली लागते. ज्वारी, उडीद, वांगी, ओली तूर, हरभऱ्याची कोवळी पाने आणि कांद्याची पात ज्या दिवसांत एकाच वेळी हाताशी असतात, त्या दिवसांत पोट शेवभाजीने भरणे म्हणजे हंगाम हातचा जाऊ देणे होय.

आरंभ अर्थातच भरितापासून करावा. खानदेशात भरितासाठी लागणारे वांगे निराळे असते. ते मोठे, फिकट हिरवे आणि त्यावर पांढुरके पट्टे असलेले असते. त्यात बिया कमी व गर भरपूर असतो. जळगावच्या या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणून टेबलाशी बसल्यावर पहिला प्रश्न ‘भरीत आहे का’ असा न विचारता ‘आज वांगी कुठली आली आहेत’ असा विचारावा. आसोदा, भालोद, बामणोद अशी गावांची नावे तत्परतेने सांगणारा माणूस आपल्या मालाविषयी दक्ष असतो, असा माझा अनुभव आहे. दुसरा प्रश्न वांगी कशावर भाजतात हा असावा. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या किंवा तुराट्यांच्या जाळावर वांगे भाजले की साल पूर्ण काळी पडते, गर आतपर्यंत शिजतो आणि त्याला धुराचा जो वास लागतो तो गॅसच्या शेगडीवर कधीही येत नाही.

भाजलेल्या वांग्याची साल काढून गर लाकडी भांड्यात लाकडी मुसळीने ठेचतात. त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप पडतात. टोमॅटो आणि गरम मसाला यांना या भरितात जागा नाही. एकदा ऐन डिसेंबरात, महामार्गावरच्या एका हॉटेलात, जांभळ्या वांग्याचे आणि टोमॅटो घालून परतलेले लालसर भरीत माझ्यापुढे आले होते. त्यात आंबटपणाखाली वांग्याची चव पार दबून गेली होती, आणि तेव्हापासून मी मागवण्याआधी टोमॅटोविषयी स्पष्ट विचारतो. कच्चे आणि फोडणीचे अशी दोन्ही प्रकारची भरिते मिळत असतील, तर पहिल्यांदा खाणाऱ्याने फोडणीचे घ्यावे. ज्याला धुराची चव हवी आहे त्याने कच्चे घ्यावे. दोन्हींपैकी कोणतेही असले तरी ते ताजे व गरम असतानाच खावे, कारण ठेवलेल्या भरिताला पाणी सुटते आणि पातीचा करकरीतपणा जातो. हॉटेलात गर्दीच्या वेळी जाण्याचा लाभ इथेच आहे, कारण तेव्हा एकामागून एक घाणे निघत असतात. अनेक ठिकाणी भरीत वजनावर विकतात. चार मोठ्या माणसांना एक किलो पुरते.

भरितासोबत पोळी किंवा तंदुरी रोटी मागवू नये. त्याची खरी जोड कळण्याची आहे. ज्वारीत सालासकट उडीद आणि थोडे मीठ घालून दळलेल्या पिठाला कळणा म्हणतात. त्याची भाकरी किंचित काळसर, खरपूस आणि उडदामुळे खमंग लागते. याच पिठाच्या पुऱ्याही करतात, आणि भरीत-पुरीच्या दुकानांत त्यांनाच अधिक मागणी असते. मात्र दोन पुऱ्यांनंतर तेलामुळे तोंड जड होते, म्हणून माझा कौल भाकरीला आहे. कळणा संपला असेल तर दादरची भाकरी मागावी. दादर ही आपल्याकडची रब्बीची ज्वारी असून तापीकाठच्या काळ्या जमिनीत ती केवळ ओलाव्यावर वाढते.

ताटाच्या कडेला जे येते त्याकडे दुर्लक्ष करू नये. हरभऱ्याच्या कोवळ्या पानांचा घोळाणा, म्हणजे कच्ची पाने, कांदा, तिखट, मीठ आणि कच्चे तेल यांचे कालवण, यादीत बहुधा छापलेले नसते, तरी विचारल्यावर स्वयंपाकघरातून येते. ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी किंवा मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा मिळाल्या तर अवश्य घ्याव्यात. मिरचीच्या बाबतीत धाडस न करता ‘तिखट बेताचे’ असे आधीच सांगावे. तरीही जीभ भाजली तर पाणी पिऊन उपयोग होत नाही, कारण मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही. ताक, दही किंवा भाकरीवर तूप यांनी तो लवकर शमतो. गुळाचा खडाही शेजारी असू द्यावा.

वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी हा बेत थंडीत फार रुचतो, परंतु तो भरिताच्याच दिवशी घेऊ नये. तुपात भिजलेली बट्टी भरपूर भूक मागते, आणि दोन्ही पदार्थांत वांगेच असल्याने एकाची चव दुसऱ्याला मारते. खापरावरच्या पुरणपोळीचा आणि आमरसाचा आग्रहही या दिवसांत धरू नये. तो उन्हाळ्याचा थाट आहे. हुरडा मात्र साधारण जानेवारीपासून, दादरची कणसे दुधात भरली की, शेतावर किंवा शेताला लागून असलेल्या हॉटेलांत मिळतो, आणि तो आगटीतून काढून हातावर चोळताच लसणाच्या चटणीसोबत खायचा असतो.

दिवस कोणता निवडावा, असे कोणी विचारले तर मी मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी म्हणजे चंपाषष्ठी सुचवतो. अनेक घरांत चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे त्या दिवशी खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवूनच पुन्हा खाण्यात येते, त्यामुळे त्या सुमारास वांग्यांना मागणी असते आणि माल ताजा येतो. गर्दी मोठी असल्याने सकाळीच दूरध्वनी करून भरीत राखून ठेवायला सांगावे. घरी न्यायचे असेल तर तयार भरिताऐवजी भाजून सोललेला गर मागावा. पात, मिरची, कोथिंबीर वेगळी बांधून घ्यावी आणि डबा निवल्यावरच झाकण लावावे.