पोरगा आईला सोडतच नाही? अंगणवाडीताईचं ऐका

जून उजाडला की आमच्या अंगणवाडीच्या दारात एखादा पोरगा आईच्या साडीला लोंबकळत उभा असतोच. सोबतची आजी हमखास म्हणते, "पोरगा असून मुलीसारखा रडतोय बघा!" पहिल्यांदा हे बोलणं थांबवा. मुलगी चिकटली की लाजाळू, मुलगा चिकटला की आईचं शेपूट. वर "पुढं बायको आल्यावर काय करणार हा?" तीन वर्षांच्या पोराच्या संसाराची काळजी!

साधारण आठ महिन्यांपासून मूल आई दिसेनाशी झाली की घाबरायला लागतं. तिसऱ्या वर्षाच्या आसपास ही भीती ओसरू लागते. कुणाची लवकर, कुणाची उशिरा. त्यामुळे आईपासून त्याला तोडायच्या मागं लागू नका. त्याला आणखी चार माणसं जोडून द्या.

हे काम एप्रिल-मेमध्येच सुरू करायचं. बाबांनी त्याला गिरणीत दळण आणायला न्यावं, न्हाव्याकडं न्यावं, बाजाराला न्यावं. आईनं घरीच थांबायचं आणि दर पाच मिनिटांनी फोन करायचा नाही. मग आंघोळ बाबांकडं, झोपवणं आजीकडं. एकदम सगळं नको, आधी एकच काम. बाबा "माझ्याकडं येतच नाही" म्हणतात, पण पोरगा रडला की लगेच आईच्या हवाली करतात. थोडं रडू द्या, जवळ घेऊन बसा.

एक गोष्ट बऱ्याच घरांत लक्षातच येत नाही. कितीतरी मुलं आईला सोडत नाहीत कारण त्यांना चड्डीचं बटण काढता येत नाही. शू लागली तर ताईला सांगायची लाज वाटते, आणि ओली झाली तर सगळे हसतील ही धास्ती. म्हणून इलॅस्टिकची चड्डी घाला. ती खाली-वर करणं, चप्पल घालणं, डबा उघडणं, "ताई, शू" म्हणणं घरी शिकवा. भरवणंही हळूहळू बंद करा. आमच्याकडं खिचडी ताटलीत मिळते, भरवायला आई नसते.

पहिल्या दिवशी "ते बघ माकड" म्हणून नजर चुकवून पळू नका. एकदा फसलेलं पोर दुसऱ्या दिवशी दुप्पट घट्ट धरतं. एक पापा घ्या, "खिचडी खाऊन झाली की मी येते" एवढं सांगा आणि निघा. त्याला घड्याळ कळत नाही, खिचडी कळते. मात्र खिचडी संपताना तुम्ही दारात दिसायलाच हव्यात. आईचा रुमाल खिशात ठेवायला दिला तरी चालतो. खिडकीबाहेर मात्र उभं राहू नका. आम्ही मोठ्या कष्टानं गप्प केलेलं पोर पदराचं टोक दिसलं की पुन्हा सूर लावतं. तुम्हालाही रडू येत असेल तर रडा, पण कोपऱ्यापलीकडं जाऊन.

घरी नेताना "रडलास का?" विचारू नका. खिचडीत वाटाणा होता का, शेजारी कोण बसलं, हे विचारा.

ताप येऊन गेला, दिवाळीला आजोळी राहून आलं, घरात नवं बाळ आलं, की पुन्हा चिकटणार. तेव्हा "आता तू मोठा झालास" म्हणू नका. बाळ झोपलं असताना थोडा वेळ फक्त त्याच्याजवळ बसा.

शाळेत जाऊ लागलेला मुलगा महिना उलटला तरी रोज सकाळी पोट दुखतंय म्हणतो, उलटी करतो, आईशिवाय झोपतच नाही, तर डॉक्टरांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्यांनाही सांगता येतं. 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतीच्या, नंबरवर फुकट बोलता येतं. आणि आधी मजेत जाणारं पोर अचानक एकाच माणसाला किंवा एकाच जागेला भ्यायला लागलं, तर त्याला आईवेडा म्हणून सोडून देऊ नका. तिथं कुणी मारतं का, नको तसा हात लावतं का, हे त्याला मांडीवर घेऊन शांतपणे विचारा.