गुलाबी खडकावर पाय ठेवा

गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानाला प्रवेश घेतला तेव्हा मला प्रवाळांवर काम करायचं होतं. इथे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला तेच करायचं असतं, नाहीतर डॉल्फिन. माझ्या वाट्याला आलं लाल शैवाल. घरी सावंतवाडीला फोन केला तर आई म्हणाली, "शेवाळ आपल्या बावीत काय कमी आसा?"

पहिल्याच फेरीत हणजूणच्या खडकांवर जांभळट गुलाबी पापुद्रा दिसला. दगडाचाच रंग असेल म्हणून पुढे निघालो आणि हिरव्या शेवाळावर घसरून आपटलो. कालवं काढणारी एक मावशी हातातलं काम न थांबवता म्हणाली, "बाबा, पाचव्यार न्हय, तांबड्यार पांय दवर." म्हणजे हिरव्यावर नको, तांबड्यावर पाय ठेव. तो खरखरीत तांबडा थर म्हणजे कोरलाइन शैवाल, माझा पुढच्या कित्येक वर्षांचा विषय.

हे शैवाल आपल्या पेशीभित्तीत कॅल्साइट म्हणजे एक प्रकारचा चुना साठवतं, त्यामुळे हाताला दगडच लागतो. अभ्यासकही फसले होते. जर्मन निसर्गअभ्यासक फिलिपी यांनी 1837 मध्ये या वनस्पती आहेत हे दाखवेपर्यंत बरेच जण त्यांना प्राण्यांतच मोजत. प्रवाळभित्तीतलं त्यांचं काम मला आमच्याकडच्या जुन्या घरांवरून समजलं. चिरे म्हणजे प्रवाळ, आणि सांध्यातला चुना म्हणजे हे. तुटलेले तुकडे, शिंपले, वाळू यांवर थर चढवत ते सगळं एकजीव करतं. जिथे लाटा सर्वांत जोरात फुटतात, तिथे नाजूक प्रवाळ तग धरत नाहीत. बऱ्याच भित्तींची ती बाहेरची कड हेच शैवाल बांधतं. शिवाय प्रवाळांच्या पोहणाऱ्या अळ्या बसायला जागा शोधतात तेव्हा अनेक जाती या थरातून आणि त्यावरच्या जीवाणूंकडून येणाऱ्या रसायनांचा माग काढत येतात. मला हा भाग अजूनही चमत्कारासारखा वाटतो. फायकोएरिथ्रिन या लाल रंगद्रव्यामुळे ते खोल पाण्यातला निळा-हिरवा प्रकाशही वापरतं. 1984 मध्ये बहामाजवळ 268 मीटर खोलीवर सापडल्याची नोंद आहे.

सगळंच लाल शैवाल प्रवाळांचं मित्र नाही, हेही लगेच सांगतो. कॅरिबियनमध्ये रामिक्रस्टा नावाचं लाल शैवाल जिवंत प्रवाळांवरच चढतं. आणि कोरलाइनच्या कॅल्साइटमध्ये मॅग्नेशियम जास्त असल्याने ते लवकर विरघळतं. समुद्र आम्लधर्मी होत चालला की पहिला फटका यांना.

आता या विषयात येऊ पाहणाऱ्यांसाठी कामाचं. गोवा म्हणजे प्रवाळभित्तींचा प्रदेश नव्हे. ग्रँड बेटाभोवती प्रवाळ आहेत, पण पाणी बऱ्याचदा गढूळ. मोठ्या भित्ती पाहायच्या तर लक्षद्वीप, आणि तिथे परवाना लागतो. पण शैवाल शिकायला स्कूबा लागत नाही, पंचांग लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी खूप आत जाते. थंडीत पहाटेच खडकावर हजर राहा, पावसाळ्यात फिरकूही नका. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत प्रबंधासाठी अर्ज करायचा तर बराच आधी करा. पीएच.डी.ला सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये. 2023 पासूनचा हा दर. वनस्पतिशास्त्राचे असाल तर पेपर लाइफ सायन्सेसचा द्या. आणि प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणूनही खिशात टाकू नका, ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात आहेत.

नुसत्या डोळ्यांनी जात ओळखण्याचा आग्रह सोडा. दोन वेगळ्या जाती जुळ्यांसारख्या दिसतात आणि एकच जात लाटांच्या जोराप्रमाणे रूप बदलते. थोडा नमुना सिलिका जेलमध्ये सुकवून डीएनएसाठी ठेवा. उरलेल्याचा चुना सौम्य आम्लाने काढून पातळ काप घ्यायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंच्या कप्प्यांची रचना पाहायची.

माझा पहिला हंगाम मात्र नमुने टिकवायच्या फॉर्मॅलिननेच खाल्ला. त्यात बोरॅक्स घालून आम्लपणा मारायचा असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. काही महिन्यांनी बाटल्या उघडल्या तर चुना विरघळून थरांचा लगदा झालेला. पेन्सिलने लिहिलेली लेबलं तेवढी शाबूत होती: जागा, तारीख, ओहोटीची वेळ. पुढच्या अमावास्येला तीच लेबलं घेऊन पहाटे म्हापशाहून निघालो.