फंक्शनचं नाव बदलताना या चुका टाळा

समजा, कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या गूळ सौद्यांच्या सॉफ्टवेअरवर चौघे काम करतात. 'गेट_वजन' हे नाव मोघम, म्हणून एकानं एडिटरच्या रिनेमनं ते सगळीकडे 'निव्वळ_वजन' केलं. टेस्ट पास. संध्याकाळी मात्र अडत्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) निघेनात.

एडिटरला कोडमधली नावं कळतात, स्ट्रिंगमधली नाहीत. टेम्प्लेट, कॉन्फिग, क्रॉनचे (ठरल्या वेळी आपोआप चालणारे) जॉब, 'गेटअ‍ॅट्र' (स्ट्रिंगमधल्या नावावरून फंक्शन शोधणारी पायथॉनची सोय) इथं जुनं नाव तसंच राहतं. अख्ख्या रिपॉझिटरीवर 'गिट ग्रेप' ही शब्द शोधणारी कमांड चालवा. टेस्टमधले मॉक (खऱ्या फंक्शनच्या जागी बसवलेल्या नकला) विशेष तपासा: जुनं नाव अजून शिल्लक असेल, तर त्यावरचा पॅच बिनबोभाट लागतो आणि खरं फंक्शनच चालतं.

जुनं नाव त्याच दिवशी उडवणं ही सगळ्यात महागडी चूक. सहकाऱ्यानं आपल्या ब्रँचवर जुन्या नावाचा नवा कॉल लिहिलेला असतो. ओळी वेगळ्या, म्हणून मर्जला कॉन्फ्लिक्ट येत नाही. पायथॉनमध्ये तर ती ओळ चालेपर्यंत पत्ताच लागत नाही. म्हणून आधी नवं फंक्शन आणा, जुन्यानं फक्त नव्याला बोलवावं (बॉडी कॉपी केलीत, तर पुढचा बगफिक्स एकाच जागी होणार), मग एकेक कॉल हलवा. सबक्लासनं जुनं नाव ओव्हरराइड केलं असेल, तर बेस क्लास नवं नाव बोलावू लागताच ते ओव्हरराइड गुपचूप निकामी होतं. हे ग्रेपच्या यादीत डोळ्यांनीच शोधावं लागतं.

जुन्या फंक्शनमध्ये 'डेप्रिकेशनवॉर्निंग' (हे पुढे काढलं जाणार, असा इशारा) द्या, 'स्टॅकलेव्हल' 2 ठेवा, नाहीतर इशारा बोलावणाऱ्याची ओळ न दाखवता तुमचीच दाखवतो. हा इशारा पायथॉन 3.2 पासून एरवी लपलेला असतो, 3.7 पासून फक्त मुख्य स्क्रिप्टमधल्या कोडसाठी दिसतो. सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत) तो एरर करा. एवढं करूनही लोक झोपतात: पायथॉनचं पॅकेज बांधायचं मॉड्यूल 'डिस्टयुटिल्स' 2021 मध्ये 3.10 ला डेप्रिकेट झालं, 2023 मध्ये 3.12 मधून गेलं, तेव्हा अनेकांचे बिल्ड पडलेच.

नावाबरोबर अर्थ बदलू नका. जुनं फंक्शन क्विंटल देत होतं आणि नवं किलो देतं, तर जुन्यात 100 नं भागायला विसरलात की पट्टी शंभरपट.

मोबाईल ॲप असेल तर एपीआयमधून जुनं-नवं दोन्ही फील्ड पाठवा. अडत्याच्या फोनवर जुनं ॲप महिनोन्महिने राहतं. कोणती आवृत्ती मागणी करते ते लॉगमध्ये मोजा. जुन्या आवृत्तीचा आकडा शून्यावर आला की मगच जुनं काढा, तेही गुळाचा हंगाम ओसरल्यावर, वेगळ्या कमिटमध्ये, म्हणजे गरज पडली तर तेवढंच मागे घेता येतं.