सोलापुरातून विज्ञानलेखन: ब्लॉकचेनवरील लेखनमंच कसा वापरावा

सोलापूर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने मेघबीजनाचा मोठा प्रयोग येथे केला. ढगाच्या तळाशी विमानातून कॅल्शियम क्लोराइडचे ओलावा शोषणारे कण सोडायचे, त्यांच्याभोवती मोठे थेंब तयार होतात का आणि ते एकमेकांत मिसळून पाऊस वाढतो का हे पाहायचे, असे त्याचे स्वरूप होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन आकडे आहेत. काही ठिकाणी पावसात सुमारे ४६ टक्के सापेक्ष वाढ दिसली, तर बीजन केलेल्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेला असलेल्या सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात ही वाढ सुमारे १८ टक्के होती. या विषयावरील माझ्या पहिल्या लेखाच्या शीर्षकात मी ‘सोलापुरात ४६ टक्के जास्त पाऊस’ असे लिहिले होते. ‘काही ठिकाणी’ हे दोन शब्द गाळल्याने अर्थ बदलला, आणि एका वाचकाने ती चूक दाखवून दिली.

साध्या संकेतस्थळावर असतो तर शीर्षक गुपचूप बदलून मोकळा झालो असतो. ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी साठवलेल्या आणि पुसता न येणाऱ्या नोंदींच्या साखळीवर, तसे करता येत नाही, आणि विज्ञान लोकांपर्यंत पोहोचवणाऱ्यासाठी या साधनाचा खरा उपयोग मला तेथेच दिसतो. काय लिहिले, केव्हा लिहिले, कोणी हरकत घेतली आणि दुरुस्ती केव्हा झाली, याची नोंद येथे सर्वांसमोर राहते. पुढील सूचना हाइव्ह या साखळीला धरून लिहिल्या आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या स्टीम या साखळीतून ती मार्च २०२० मध्ये वेगळी झाली. तिच्यावर स्टेमसोशल नावाचा विज्ञानलेखकांचा समूह आहे, आणि लेख लिहिण्या-वाचण्यासाठी पीकडी, इसेन्सी यांसारखी संकेतस्थळे आहेत. संकेतस्थळ कोणतेही निवडले तरी लेख एकाच साखळीत जातो, त्यामुळे एखादे बंद पडले तरी तो दुसऱ्यावर वाचता येतो.

खाते उघडताना सर्वांत जास्त लक्ष किल्ल्यांकडे, म्हणजे पासवर्डसारख्या गुप्त अक्षरमालांकडे, द्यावे. एका खात्याला ओनर, अ‍ॅक्टिव्ह, पोस्टिंग आणि मेमो अशा चार किल्ल्या मिळतात. लेख टाकणे, उत्तर देणे आणि मत देणे यासाठी पोस्टिंग किल्ली पुरते. पैशांचे व्यवहार अ‍ॅक्टिव्ह किल्लीने होतात, तर ओनर किल्ली संपूर्ण खात्याची असते. ओनर किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवावी आणि रोजच्या संगणकावर तिचा वापर करू नये. बँकेप्रमाणे येथे पासवर्ड बदलून देणारे कार्यालय नाही, आणि हरवलेली किल्ली कोणी परत देऊ शकत नाही. शाळेच्या विज्ञान मंडळासाठी खाते उघडायचे असेल तर ओनर आणि अ‍ॅक्टिव्ह किल्ल्या दोन शिक्षकांकडे असाव्यात आणि विद्यार्थ्यांचे लेखन शिक्षकांच्या देखरेखीखालीच प्रसिद्ध व्हावे. लेख टाकण्यासाठी वेगळे शुल्क पडत नाही, मात्र खात्याच्या कुवतीनुसार दिवसभरात किती व्यवहार करता येतील याला मर्यादा असते.

लेख आधी वहीत किंवा संगणकावर पूर्ण करावा, मंचाच्या चौकटीत बसून लिहू नये. पहिल्या परिच्छेदात तीन गोष्टी याव्यात: दावा कोणता आहे, तो कोणी व कशावरून केला, आणि तो कोठपर्यंत लागू पडतो. मेघबीजनाच्या लेखात मी आता क्षेत्रफळ आणि टक्केवारी एकाच वाक्यात लिहितो, म्हणजे वाचक एक घेऊन दुसरे सोडून देऊ शकत नाही. ‘कृत्रिम पाऊस’ हा रुळलेला शब्द वापरावा, कारण लोक तोच शोधतात. पण पुढच्याच वाक्यात सांगावे की या पद्धतीने नवा ढग तयार होत नाही, आधीच जमलेल्या योग्य ढगातूनच पाऊस वाढवण्याचा प्रयत्न होतो. डाळिंबावरील तेल्या रोगाबद्दल लिहितानाही असेच करावे. शेतकऱ्याला ‘तेल्या’ कळतो. तो झँथोमोनस या जिवाणूमुळे होतो, म्हणून केवळ बुरशीनाशकावर विसंबून चालत नाही, हे त्याला पहिल्या चार ओळींत मिळायला हवे. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची शिफारस सांगायची असेल तर तिची तारीखही लिहावी, कारण शिफारशी बदलतात आणि साखळीवरचा लेख मात्र तसाच राहतो. मराठी लेखाच्या शेवटी पाच-सहा ओळींचा इंग्रजी सारांश जोडावा, म्हणजे बाहेरच्या संशोधकांनाही चूक दाखवता येते.

लेखाचा मजकूर साखळीत जातो, चित्रे जात नाहीत. चित्रे वेगळ्या सर्व्हरवर राहतात आणि लेखात फक्त त्यांचा दुवा असतो. म्हणून आलेखातील महत्त्वाचे आकडे शब्दांतही लिहावेत आणि मूळ चित्र आपल्याकडे जपून ठेवावे.

स्वतः मोजलेली माहिती प्रसिद्ध करणाऱ्यांना आणखी एक सोय आहे, आणि शाळांनी ती अवश्य वापरावी असे मला मनापासून वाटते. समजा, शाळेच्या गच्चीवरील पर्जन्यमापकातून जून ते सप्टेंबर रोज सकाळी साडेआठला नोंद घेतली आणि तिची फाइल तयार झाली. संगणकावरील मोफत साधनाने त्या फाइलचा ‘शा-२५६’ ठसा, म्हणजे तिच्यातील मजकुरावरून गणिताने काढलेली ओळखखूण, काढता येतो. फाइल कितीही मोठी असली तरी हा ठसा ६४ चिन्हांचाच असतो, आणि फाइलमधील एक आकडा जरी बदलला तरी पूर्णपणे वेगळा येतो. तो ठसा लेखात चिकटवावा आणि फाइल मागेल त्याला द्यावी. पुढे कोणालाही तोच ठसा पुन्हा काढून फाइलमध्ये नंतर फेरफार झालेला नाही याची खात्री करता येते. पर्जन्यमापक झाडाखाली ठेवला होता की उघड्यावर, हे मात्र ठसा सांगत नाही. म्हणून मोजण्याची पद्धत सविस्तर लिहावी आणि उपकरणाच्या जागेचे छायाचित्र द्यावे. साखळीवरील वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते आणि भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे असते, हेही वाचकाला सांगावे.

चूक लक्षात आल्यावर लेख संपादित करता येतो आणि संकेतस्थळावर नवी प्रत दिसू लागते, पण जुनी प्रत साखळीच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे कडीत, राहते आणि ब्लॉक एक्सप्लोररवर (साखळीतील नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) कोणालाही पाहता येते. म्हणून दुरुस्ती लेखाच्या अगदी वर, तारखेसह करावी: आधी काय लिहिले होते, आता काय लिहिले आहे आणि बदल कोणाच्या सूचनेवरून केला. माझ्या त्या लेखाच्या माथ्यावर अशी नोंद आजही आहे, आणि वाचक सर्वाधिक प्रश्न तिच्याविषयीच विचारतात.

मोबदल्याचे थोडक्यात सांगतो. प्रसिद्धीनंतर सात दिवसांत लेखाला मिळालेल्या मतांवरून साखळीच्या नाण्यांत मोबदला ठरतो. साधारण अर्धा मोबदला लेखकाला आणि अर्धा मत देणाऱ्यांना जातो. लेखकाच्या वाट्यातील हाइव्ह पॉवर (खात्यात अडकवून ठेवलेली नाणी) मोकळी करायला १३ आठवडे लागतात. १ एप्रिल २०२२ पासून भारतात आभासी डिजिटल मालमत्तेच्या, म्हणजे अशा नाण्यांच्या, विक्रीतील नफ्यावर ३० टक्के दराने कर लागतो आणि तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही, म्हणून हिशेब सनदी लेखापालाला दाखवावा. मते मिळवण्यासाठी शीर्षक भडक करू नये. ज्यांच्याकडे नाणी जास्त, त्यांच्या मताचे वजन जास्त असते. त्यामुळे मिळालेल्या रकमेवरून लेख शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. दुसऱ्याच्या लेखाचे भाषांतर स्वतःचे म्हणून देणे हे येथेही चौर्यच मानले जाते.

शेवटी, जे पुसता येणार नाही ते लिहिण्यापूर्वी थांबावे. रुग्णाची ओळख, विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, शेतकऱ्याचा गट क्रमांक हे साखळीवर कधीही जाऊ नये. नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्याबद्दल लिहिणाऱ्यांनी विशेष जपावे. माळढोक अत्यंत दुर्मीळ झाला आहे आणि त्याची मादी उघड्या जमिनीवर साधारणपणे एकच अंडे घालते. पक्षी दिसला तर ‘नान्नज परिसर’ आणि महिना एवढेच लेखात लिहावे, छायाचित्रातील जीपीएसची माहिती काढून टाकावी, आणि नेमकी जागा फक्त वनविभागाला कळवावी.