डिश आणि सेट टॉप बॉक्स जोडताना या चुका टाळा (आणि आधी रिसेट मारू नका)

चॅनल दिसत नाहीत म्हणून कुणी फोन केला की माझा पहिला प्रश्न ठरलेला, रिसेट मारलास का? उत्तरही ठरलेलं, हो ना, दोनदा मारला. झालं, म्हणजे मूळ बिघाड राहिला बाजूला, वर एलएनबीचं (छत्रीसमोर बसवलेलं, सिग्नल पकडून वायरीतून खाली पाठवणारं डोकं) सेटिंग उडालं, चॅनलची यादी गेली, आता आधी ते सगळं परत भरत बसा. फॅक्टरी रिसेटने निसटलेली वायर जागेवर बसत नाही हे लोकांना कधी कळणार काय माहीत.

आता माझी सगळ्यात नावडती चूक, एकाच छत्रीवर फाटा काढून दोन बॉक्स चालवणं. लोकांना वाटतं वायरीतून फक्त सिग्नल खाली येतो, मग स्प्लिटर लावला की काम झालं. पण बॉक्ससुद्धा त्याच वायरीतून वर एलएनबीला हुकूम सोडत असतो. १३ व्होल्ट दिले की व्हर्टिकल म्हणजे उभ्या लहरींवरचे चॅनल, १८ दिले की हॉरिझॉन्टल म्हणजे आडव्या लहरींवरचे, आणि युनिव्हर्सल (दोन्ही बँड पकडणारा) एलएनबी असेल तर २२ किलोहर्ट्झचा टोन सोडला की वरचा बँड, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीचे चॅनल. एका आउटपुटचा एलएनबी एका वेळी एकाचंच ऐकणार.

एका मित्राकडे हेच झालेलं. हॉलमधले अर्धे चॅनल मधेच जायचे आणि आपोआप परत यायचे. त्याने बॉक्स बदलला, छत्री हलवून घेतली, कुणीतरी सांगितलं म्हणून अख्खी केबल नवी टाकली, फरक शून्य. मी जाऊन बसलो तेव्हा हॉलमध्ये बातम्या चालू होत्या, तेवढ्यात आतल्या खोलीत त्याच्या आईने मालिका लावली आणि इकडे स्क्रीन काळी. म्हटलं काकू, जरा मघाचाच चॅनल लावा बरं. लावला, आणि बातम्या हजर! आतला बॉक्स १८ मागत होता, हॉलचा १३, आणि दोन्ही बाजूंनी पॉवर जाऊ देणाऱ्या फाट्यावर जास्त व्होल्टेज जिंकतं. यावर सरळ उपाय म्हणजे दोन आउटपुटचा ट्विन एलएनबी आणि गच्चीपासून प्रत्येक बॉक्सला वेगळी वायर. 'एकाच पोर्टवर पॉवर पास असलेला (म्हणजे एकाच बॉक्सचे व्होल्ट वर जाऊ देणारा) स्प्लिटर चालेल का' असं विचारणारे भेटतातच. चालेल, पण मग दुसऱ्या बॉक्सवर पहिल्याने जे निवडलंय त्यातलंच दिसणार, घरात रोज भांडणं हवी असतील तर लावा. आणि केबल टीव्हीचा ५ ते १००० मेगाहर्ट्झवाला स्प्लिटर तर लावूच नका, एलएनबीकडून येणारा सिग्नल साधारण ९५० ते २१५० मध्ये असतो, म्हणजे जवळजवळ सगळा त्याच्या बाहेर.

दुसरी चूक एफ कनेक्टरची, म्हणजे केबलच्या टोकाला बसणाऱ्या, बॉक्सला फिरवून लावायच्या जोडाची. केबल सोलताना जाळीचा एखादा केसाएवढा तार मधल्या तांब्याच्या तारेला चिकटतो आणि शॉर्ट. काही बॉक्स तसा मेसेज देतात, काही नुसतं नो सिग्नल म्हणतात आणि माणूस छत्री फिरवत बसतो. मी जाळी पूर्ण मागे दुमडतो, उजेडात धरून बघतो, मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोनतीन मिलिमीटर ठेवतो, आणि हे सगळं करताना बॉक्सचा प्लग भिंतीतून काढलेला असतो, रिमोटने बंद केलेला नव्हे. दात लावून केबल सोलणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. केबल आरजी-६ जातीची घ्या, बाहेरचा जोड पाण्यापासून झाका.

छत्री लावताना बॉक्सच्या मेनूत सिग्नलचे दोन दांडे दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी, त्यातली स्ट्रेंग्थ बघून खूश होऊ नका. एलएनबीला करंट मिळाला की स्ट्रेंग्थचा दांडा वर जातो, छत्री आभाळात कुठेही बघत असली तरी. बघायची ती क्वालिटी, आणि छत्री केसभर हलवून थोडं थांबायचं, आकडा बदलायला वेळ लागतो. नवशिक्यांना तेवढाही दम नसतो.

जुना बॉक्स फुकट मिळाला म्हणून आणताय? डीव्हीबी-एस म्हणजे जुन्या उपग्रह प्रसारण पद्धतीचा बॉक्स नव्या एस-२ पद्धतीचं प्रसारण पकडत नाही, कितीही सर्च मारा. तसंच चित्र दाबून पाठवायच्या जुन्या एमपेग-२ पद्धतीच्या बॉक्सवर नव्या एमपेग-४ चा चॅनल आला तर बऱ्याचदा आवाज येतो आणि चित्र काळं.

चित्र येतंय पण ब्लॅक अँड व्हाइट? एव्ही केबलची पिवळी पिन बहुतेक टीव्हीच्या कंपोनंटच्या (चित्र तीन वायरींतून घेणाऱ्या जोडणीच्या) हिरव्या भोकात गेलीय. काही टीव्हींवर हिरवं भोक दोन्हीला सामायिक असतं, तिथे मेनूत एव्ही निवडा. एका टोकाला हेडफोनसारखी पिन असलेली एव्ही केबल दुसऱ्या बॉक्सची उचलून लावू नका, दिसायला सारखी असली तरी आतली जोडणी वेगळी असू शकते. पिवळ्या भोकात लाल नाहीतर पांढरी पिन लावून बघा, कधीकधी चित्र येतं, ग्राउंडच वेगळं असेल तर नाही येत, मग त्या बॉक्सचीच केबल शोधा.

एचडीएमआयवर चित्र आहे पण काही चॅनलना आवाज नाही, तर बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये डॉल्बीच्या जागी पीसीएम (साधा डिजिटल आवाज) करा. आणि टीव्ही 'सपोर्ट नाही' म्हणत असेल तर तात्पुरती एव्ही केबल लावायची, तिच्यावर मेनू दिसतो, तिथून रिझोल्युशन ७२० वर आणायचं आणि मग परत एचडीएमआय.