कोंडी करणारा प्राणी घडवायचा असेल तर आधी फट ठेवा

नागपुरात सक्करदऱ्याला माझ्या घरी सहा दिवस गणिताची शिकवणी असते आणि रविवारी सकाळी पोकेमॉन या व्हिडिओ गेमची लढत. पोरं साडेआठला येतात, कोपऱ्यावरून तर्री-पोहे बांधून आणतात आणि चटईवर दोन बाजू पडतात. आम्ही मोबाइलवर खेळत नाही. दोघांनी आपापली चाल चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. डॅमेज, म्हणजे मार किती बसला ते, मी कॅल्क्युलेटरवर काढते. खेळात डॅमेज ८५ ते १०० टक्क्यांच्या मध्ये कुठेही पडतं, म्हणून डब्यात सोळा चिठ्ठ्या ठेवल्यात, त्यातली एक ओढायची. लेव्हल ५०, टीम सहा प्राण्यांची, एकेकाला चार मूव्ह, म्हणजे डावपेच. दोन-तीन महिन्यांतून एकदा आम्ही एक प्राणी स्वतः घडवतो: टाइप (पाणी, गवत, घोस्ट अशी जात), आकडे (वेग, ताकद वगैरे), अ‍ॅबिलिटी (अंगची खुबी), मूव्ह, सगळं आमचं.

यंदा उन्हाळ्यात पोरांनी घोरपड निवडली. भिंतीला चिकटली की सुटत नाही, म्हणून समोरच्याला जखडून ठेवणारा प्राणी. नाव ठेवलं घोरप्या. मारणारा प्राणी घडवणं सोपं असतं, आकडा वाढवला की झालं. समोरच्याच्या वाटा अडवणारा प्राणी घडवणं फार नाजूक काम आहे. ते कसं करायचं ते लिहिते, कारण पहिल्या खेपेला आम्ही ते अगदी चुकीचं केलं होतं.

सुरुवात मोजण्यापासून करा. लढतीत प्रत्येक पाळीला समोरच्याच्या हातात किती पर्याय असतात? चारपैकी एक मूव्ह, नाहीतर बाहेर बसलेल्या पाचांपैकी एकाला आत आणणं. म्हणजे फार तर नऊ. वहीच्या डाव्या बाजूला हा नऊचा आकडा लिहा आणि तुमच्या प्राण्याची एकेक गोष्ट त्यातून किती कापते ते उजवीकडे मांडत जा. शॅडो टॅग ही अ‍ॅबिलिटी स्विच, म्हणजे प्राणी बदलणं, बंद करते, म्हणजे पाच गेले, चार उरले. टॉन्ट ही मूव्ह तीन पाळ्यांपुरत्या स्टेटस मूव्ह (थेट मार न देणाऱ्या) बंद करते: बचावाच्या प्राण्याकडे हल्ल्याची एकच मूव्ह असेल तर मूव्ह एक, पण स्विच पाचही शाबूत. डिसेबल एक मूव्ह कापते. एन्कोर मात्र शेवटची वापरलेली मूव्हच तीन पाळ्या करायला लावते, म्हणजे चाराची एक.

एकेकटी यातली कुठलीच गोष्ट वाईट नाही. दोन एकत्र आल्या की गणित बदलतं. पेरिश साँग घ्या. ते ऐकलेला प्राणी मैदानात राहिला तर तीन पाळ्यांनी पडतो, पण बाहेर निघाला की वाचतो. सुटका सोपी आहे. शेजारी शॅडो टॅगवाला उभा करा, म्हणजे तीच मूव्ह फाशी होते. डबल्सच्या (दोन-दोन प्राण्यांच्या) स्पर्धांत शॅडो टॅगवाल्या मेगा गेंगारला घेऊन लोक नेमकं हेच करायचे.

आमचा पहिला घोरप्या असाच झाला. भाच्याने हौसेने त्याला शॅडो टॅग दिली, वर एन्कोर, स्वोर्ड्स डान्स (अटॅक वाढवणारी) आणि अर्थक्वेक (ग्राउंड टाइपचा हल्ला). टाइप ग्राउंड, स्पीड ७८. समोर वरच्या मजल्यावरच्या पोरीची ब्लिसी होती, बचावाचा प्राणी, स्पीड ५५. ब्लिसीने सॉफ्ट बॉइल्ड करून रक्त भरलं. पुढच्या पाळीला घोरप्याने आधी चाल करून एन्कोर लावला. त्या पाळीला ब्लिसी सॉफ्ट बॉइल्ड, पुढच्या दोन पाळ्यांनाही सॉफ्ट बॉइल्ड. तेवढ्यात भाच्याने दोनदा स्वोर्ड्स डान्स केला, अटॅक तिप्पट. एन्कोर संपला तसा घोरप्या वेगात पुढे असल्यामुळे त्याने पुन्हा एन्कोर लावला. बाहेर जाता येत नाही, दुसरं काही करता येत नाही. चौथ्या पाळीपासून त्या पोरीने नवी चिठ्ठी लिहिणंच सोडलं. तीच चुरगळलेली चिठ्ठी ती दर वेळी पुढे सरकवायची. मग एकदम म्हणाली, "काकू, मले काही ठरवायचंच नाही तर मी बसू कायले इथं?"

मी तिथेच डाव थांबवला. ती हरत होती म्हणून ती बोलली नव्हती, हरणं तिला नवीन नाही. समोरच्याला पुन्हा तीच चिठ्ठी सरकवायची वेळ आली की लढत संपलेली असते, फक्त हिशोब चालू असतो.

त्या दिवसापासून माझा एकच नियम आहे: कितीही कोंडी करा, समोरच्याच्या हातात किमान दोन जिवंत पर्याय राहिले पाहिजेत, आणि त्यातला कुठला बरा हे त्याला लगेच कळता कामा नये. आपल्या म्हणीतही तेच आहे. इकडे आड तिकडे विहीर, म्हणजे निदान दोन बाजू आहेत. एकच बाजू असेल तर त्याला पेच म्हणत नाहीत. जुलै २०२५मध्ये बातुमीला दिव्या देशमुख महिला विश्वचषक जिंकली तेव्हापासून माझ्या वर्गातल्या अर्ध्या पोरांच्या दप्तरात बुद्धिबळाचा पट असतो, म्हणून त्यांना मी बुद्धिबळातूनच समजावते. राजाला शह नाही आणि हलायला एकही घर नाही, कुठलं मोहरंही हलत नाही, तर तो डाव कुणीच जिंकत नाही, बरोबरीत सुटतो. इतका जुना खेळ, पण नुसत्या कोंडीला तिथे विजय मानलेला नाही.

आता फट कुठे ठेवायची? खऱ्या खेळाच्या घडवणाऱ्यांनी ती कशी ठेवली हे बघणं हाच उत्तम अभ्यास आहे. वॉबफेट या प्राण्याला २००२च्या रुबी-सफायर गेममध्ये शॅडो टॅग मिळाली. दोन वॉबफेट समोरासमोर आले, दोघांकडे लेफ्टओव्हर्स (दर पाळीला थोडं रक्त भरणारी वस्तू) असले, की कुणीच बाहेर जाऊ शकत नव्हतं आणि कुणी मरतही नव्हतं. पुढच्या पिढीत, म्हणजे गेमच्या पुढच्या आवृत्त्यांत, नियम बदलला: शॅडो टॅगवाल्यावर शॅडो टॅग चालत नाही. त्याच पिढीत शेड शेल नावाची वस्तू आली, ती हातात असली की बाहेर पडता येतं. यू-टर्न तेव्हाच आला, आणि मारून बाहेर निघणाऱ्या मूव्हला शॅडो टॅग अडवत नाही. २०१३च्या एक्स-वायपासून घोस्ट टाइपला जखडताच येत नाही. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. फट टीम बांधतानाच दिसते. लढतीच्या मधोमध नशिबाने सुटका होण्यापेक्षा घरून तयारी करून आलेल्याची सुटका व्हावी, हे मला फार पटतं.

दुसरा प्रश्न, जाळ्यात कोण सापडावं. इथे तीन अ‍ॅबिलिटी शेजारी ठेवून बघा. शॅडो टॅग घोस्ट सोडून जवळपास सगळ्यांना धरते. अरीना ट्रॅप फक्त जमिनीवर असलेल्यांना धरते, फ्लायिंग टाइप आणि लेव्हिटेटवाले, म्हणजे तरंगणारे, सुटतात. मॅग्नेट पुल फक्त स्टील टाइपला धरते. स्मोगॉन या चाहत्यांच्या संकेतस्थळाच्या ओयू नावाच्या स्पर्धा-नियमांत पहिल्या दोन्हींवर बंदी आहे, तिसरी मात्र चालते. कारण मॅग्नेट पुलवाला मॅग्नेझोन आला तर कुणाला धोका आहे हे तुम्हाला आधीच माहीत असतं आणि तुमच्या सहांतले चार-पाच त्याला मोकळेपणी तोंड देऊ शकतात. जाळं जितकं अरुंद, तितकं ते घट्ट ठेवायला हरकत नाही. रुंद जाळं हवं असेल तर वीण सैल ठेवा.

आम्हाला रुंद हवं होतं, कारण घोरपड कुठल्याही भिंतीला चिकटते. मग वीण सैल करायची कशी, यावर दोन रविवार गेले. उत्तर भाच्यालाच सुचलं, तेही घोरपडीवरूनच: "मावशी, चिकटली तर ती पण अडकतेच ना?" अगदी हेच करणारी एक मूव्ह खेळात आहे, २०१९च्या स्वोर्ड-शील्डमध्ये आलेली जॉ लॉक. डार्क टाइप, ताकद ८०. ती लागली की मारणारा आणि मार खाणारा दोघांनाही स्विच करता येत नाही. शॅडो टॅग काढून आम्ही ही मूव्ह घातली. समोरच्याचे नऊचे चार झाले, आणि आपलेही नऊचे चार झाले. शिवाय धरायला एक पाळी खर्च होते, आणि त्या पाळीला समोरचा हात बांधून बसत नाही. एन्कोर कायमची काढली. तिच्या जागी टॉन्ट, कारण टॉन्ट हल्ल्याच्या मूव्हला हात लावत नाही.

आकडे ठरवताना "चांगला वाटतो" म्हणून आकडा टाकू नका. प्रत्येक आकड्यामागे एक लढत असली पाहिजे. टॉन्टला वेग लागतो, रक्त भरायच्या आधी ती पडली पाहिजे. ब्लिसी ५५, क्लेफेबल ६०, कॉर्विनाइट ६७, स्कार्मरी ७०. या चौघांच्या पुढे आणि ग्लायस्कर ९५, गारचॉम्प १०२ यांच्या मागे, म्हणून ७८. बचावाच्या या भिंतींवर धाक राहिला, वेगवान प्राण्यांसमोर घोरप्या स्वतः उघडा पडला.

एचपीवरून, म्हणजे रक्ताच्या आकड्यावरून, खूप वाद झाला. पोरांना बेस, म्हणजे मूळ आकडा, ९५ हवा होता. लेव्हल ५०ला पूर्ण इव्ही (वाढीव गुण) दिल्यावर ९५चे होतात २०२ आणि ९०चे होतात १९७. पाचच आकड्यांचा फरक, पण ब्लिसीचा सीस्मिक टॉस लेव्हलइतकं, म्हणजे सरळ ५० डॅमेज करतो. १९७ असेल तर चार टॉसमध्ये घोरप्या पडतो, २०२ असेल तर पाच लागतात. त्या एका टॉसवर सगळी लढत उभी आहे, म्हणून ९०. अटॅक ९५ ठेवला आणि त्यात इव्ही नाहीत. बाकी बचावाच्या आकड्यांना आम्ही मध्यम ठेवून सोडून दिलं.

तीच लढत पुन्हा लावली, ब्लिसीचा डिफेन्स पूर्ण भरलेला, एचपी ३३०च्या आसपास. घोरप्याची जॉ लॉक तिला ५१ ते ६१ करते, अर्थक्वेक ९६ ते ११४. जॉ लॉक आणि मग तीन अर्थक्वेक मारले तर सगळ्यात वाईट चिठ्ठी ओढली तरी ३३९ होतात, आणि घोरप्या आधी चाल करत असल्यामुळे ब्लिसी चौथा टॉस मारायच्या आत पडते. पण मध्ये तिने एकदा सॉफ्ट बॉइल्ड केलं, की निम्मं रक्त परत. ते रोखायला टॉन्ट लावली आणि ती रक्त न भरता टॉस मारतच राहिली, तर ती पाळी वाया जाते आणि चौथ्या टॉसला घोरप्या आडवा होतो. म्हणजे टॉन्ट लावायची की मारायचं, हे एकाने ओळखायचं. भरायचं की मारायचं, हे दुसऱ्याने. दोघांनाही बाहेरची वाट नाही आणि दोघांकडेही दोन जिवंत पर्याय आहेत. त्या पोरीने त्या दिवशी प्रत्येक चिठ्ठी हाताचा आडोसा करून लिहिली. दुसऱ्या पाळीला भाच्याने टॉन्ट काढली आणि तिच्या चिठ्ठीवर सीस्मिक टॉस होता. चौथ्या टॉसला घोरप्या पडला.

मूव्हची यादी देताना हात आखडता घ्या. अडवणाऱ्या प्राण्याला रक्त भरायची मूव्ह देऊ नका. एकदा धरलं आणि स्वतःला भरत बसला, तर आपण पुन्हा चुरगळलेल्या चिठ्ठीवर येतो. सगळ्या टाइपवर मारा करणाऱ्या मूव्हही नको. आमच्या घोरप्याने स्कार्मरीला धरलं तरी अर्थक्वेक तिला लागत नाही. चौथ्या जागी स्टोन एज घेतली तर स्कार्मरीवर काही चालतं, पण मग स्टेल्थ रॉक (आत येणाऱ्याला टोचणारे दगड) घ्यायची राहते. ही निवड खेळणाऱ्याची असू द्या.

आणि एक गोष्ट पोरांना उशिरा दिसली, मला मात्र सगळ्यात आवडते. घोरप्याचा ग्राउंड टाइप स्वतःच एक अडसर आहे. व्होल्ट स्विच ही मारून बाहेर निघायची मूव्ह, पण समोर ग्राउंड टाइप आला तर ती लागत नाही आणि मारणारा बाहेरही निघत नाही. म्हणून घोरप्या नुसता टीममध्ये बसून असला तरी इलेक्ट्रिक टाइपवाला प्रत्येक वेळी बिचकतो. यात कुणाचा पर्याय कापला जात नाही, नऊचे नऊ शाबूत असतात, फक्त त्यातल्या एकाला किंमत लागते. प्राणी घडवताना आधी असा धाक किती बसवता येतो ते बघा. टाइप आणि वेग यांतून तो बसत असेल तर बांधणाऱ्या मूव्ह कमी लागतात.

शेवटी प्राण्याचं कार्ड लिहाल तेव्हा आकड्यांच्या खाली त्याला कोण हरवतं ते ठळक लिहा. घोरप्याच्या कार्डावर आहे: पाणी, गवत, बर्फ यांचे सगळे वेगवान प्राणी, घोस्ट टाइप धरला जात नाही, यू-टर्न आणि शेड शेलने सुटका. सहा जणांच्या कुठल्याही साध्या टीममध्ये यातलं काहीच सापडलं नाही, तर कार्ड फाडा आणि पुन्हा नऊपासून मोजा. आमचं तिसरं कार्ड आता वहीला टाचलेलं आहे. ब्लिसीवाल्या पोरीने मागच्या रविवारी स्वतःच्या टीममध्ये घोरप्या मागितला, आणि भाच्याने शेड शेल विकत घेतल्यासारखी तीन प्राण्यांच्या हातात लिहून ठेवली.